चवळीवर मारलेलं औषध

सीतारामकाका घाडी पहिल्यांदा आमच्या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. नलूबाईंनी त्यांना कुंड्या दाखवल्या, नळ दाखवला, गांडुळांचं निळं पिंप दाखवलं. काकांनी सगळं बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बाई, इथे औषध मारावं लागेल काय?"

"नाही. एक थेंबसुद्धा नाही."

"मग उद्यापासून येतो."

पगाराचं, सुट्टीचं ते काही बोललेच नाहीत. ते नंतर नलूबाईंनीच काढलं.

आमची बिल्डिंग शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत आहे. तीन मजले, लिफ्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि समोरच्या दारात शरच्चंद्र कर्णिक आणि नलूबाई. शरच्चंद्रांना सगळी बिल्डिंग अप्पा म्हणते. ते विमा कंपनीतून निवृत्त झाले, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. नलूबाई दादरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. चार वर्षांपूर्वी त्यांचं छातीचं ऑपरेशन झालं, मग केमो झाली, आणि त्यातून उठल्यावर त्यांनी गच्चीवर भाजी लावायला घेतली. बाजारातल्या भाजीवर काय मारलेलं असतं त्याची त्यांनी धास्तीच घेतली होती.

ही धास्ती आणि सीतारामकाकांची धास्ती एकाच जातीची होती. म्हणून त्या दोघांचं जमलं असावं.

काका मूळचे मालवणकडचे, डिलाईल रोडच्या चाळीत राहतात. वडील गिरणीत होते. काका मोठे होईतो गिरणीच उरली नाही, म्हणून ते पेस्ट कंट्रोलच्या एका लहानशा कंपनीत लागले. पाठीवर पंप घेऊन सत्तावीस वर्षं त्यांनी ऑफिसं, गोदामं, हॉटेलांची स्वयंपाकघरं, लोकांची घरं फवारली. त्या धंद्यात विषाला कोणी विष म्हणत नाही. झुरळांचं औषध, ढेकणांचं औषध, वाळवीचं औषध. बरोबरचा एक माणूस कामावर असताना गेला, त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली. एवढंच आम्हाला माहीत होतं.

त्यांची भीती मात्र रोज दिसायची. नव्या रंगाच्या वासानं ते जिन्यातून मागे फिरायचे. हात कोपरापर्यंत धुवायचे, दोनदा. चहाचा कप तोंडाला लावण्याआधी नाकाशी धरायचे. त्यांची बायको रखमा एकदा पापड द्यायला आली होती, ती म्हणाली, "आमच्याकडे डासांची उदबत्तीसुद्धा लावत नाय. ह्यांचो जीव घाबरता." काका जवळच उभे होते. ते हसले नाहीत की रागावले नाहीत.

गांडुळांच्या पिंपाजवळ मात्र ते निवांत असायचे. ओला कचरा बारीक करायचा, वर सुकलेली पानं पसरायची, ओल बघायची. मूठ दाबली तर पाणी गळता कामा नये, पण हात ओलसर व्हायला हवा, हे त्यांना नलूबाईंनी शिकवलं. एक पिंप गच्चीवर आणि दुसरं नलूबाईंच्या बाल्कनीत. खत तयार झालं की चार घमेली मातीला एक घमेलं खत. काका चाळणीतून खत गाळायचे आणि अडकलेली गांडुळं एकेक करून बोटानं उचलून परत पिंपात सोडायचे.

गेल्या जानेवारीत चवळीच्या वेलावर मावा पडला.

मावा म्हणजे तीळभर काळे किडे, कोवळ्या शेंड्याला आणि शेंगांच्या देठाला चिकटून बसतात, रस पितात. ते गोड चिकट पाणी सोडतात, आणि त्या पाण्याला मुंग्या येतात. मुंग्या पाइपावरून खाली उतरल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. साखरेत मुंग्या, पिठात मुंग्या, एकदा तर दुधाच्या पातेल्यात. मी वैतागले होते. दुसऱ्या मजल्यावरचे हर्षवर्धन आमचे सेक्रेटरी. त्यांच्याकडेही मुंग्या गेल्या, आणि रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये मीटिंग भरली.

नलूबाई वही घेऊन आल्या होत्या. भिंगातून दहा पानांवरचा मावा मोजायचा आणि लिहून ठेवायचा, असं त्यांचं शिक्षिकेचं काम. "आठ दिवसांपूर्वी आम्ही सगळ्या वेलांच्या मातीत गांडूळखत मिसळलंय," त्या म्हणाल्या. "हे आज मारलं आणि उद्या मेलं असं नसतं. झाड मुळातून ते घेतं, हळूहळू त्याचा रस बदलतो, मग किडीला तो नकोसा होतो. ती वाढायची थांबते. मला तीन-चार आठवडे द्या."

"तोपर्यंत आम्ही मुंग्या खायच्या?" हर्षवर्धन म्हणाले. आवाज चढवून नाही, पण म्हणाले. "पुढच्या रविवारपर्यंत थांबू. नाही कमी झालं तर माणूस बोलावून पूर्ण गच्ची फवारून घेऊ, आणि कुंड्या काढू. कोणाची हरकत?"

हात वर करा म्हटल्यावर मीही केला. तो कुंड्या काढायच्या बाजूनं होता, हे इथे सांगायलाच हवं.

सीतारामकाका खांबाला टेकून उभे होते. फवारणी हा शब्द आला तेव्हा त्यांनी खांब धरला. मीटिंग संपल्यावर जिन्यात मला म्हणाले, "ताई, ते लोक डोस बघत नाहीत. डब्यात हात जाईल तेवढं ओततात. मला ठाऊक आहे. बाईंच्या अंगाला ते सोसायचं नाही."

"एवढं काही नाही होत काका," मी म्हटलं. मला घाई होती.

त्या आठवड्यात ते रोज मावा मोजत होते. सोमवारी एका पानावर चाळीस. मंगळवारी पंचेचाळीस. बुधवारी नलूबाई म्हणाल्या की वाढ थोडी मंदावली आहे, पण काकांना ते पटलं नाही. त्यांना फक्त रविवार दिसत होता. गुरुवारी अप्पा आणि नलूबाई दोन दिवसांसाठी ठाण्याला मुलीकडे, मनवाकडे गेले. शनिवारी संध्याकाळी परतणार होते.

यापुढचं मी काही पाहिलं आणि काही काकांनी नंतर सांगितलं, ते सगळं जोडून लिहिते आहे.

शुक्रवारी दुपारी काका त्यांच्या जुन्या कंपनीतल्या विकासकडे गेले. त्याच्याकडून वाळवीच्या औषधाची पाव भरलेली बाटली आणि एक हातपंप मागून आणला. झाडाच्या पानांवर मारायचं ते औषधच नव्हतं, ते भिंतीत आणि जमिनीत ओतायचं. काकांना हे ठाऊक होतं. मनात त्यांनी सगळं आखलं होतं. फक्त चवळीचा वेल मारायचा. शनिवारी सकाळी लवकर येऊन सगळ्या शेंगा तोडून टाकायच्या, वेल दोन-तीनदा धुवायचा, संध्याकाळी बाई येतील तेव्हा मावा मेलेला असेल. खतानं मेला म्हणून सांगायचं. रविवारी मीटिंगमध्ये बाईंची मान वर राहील.

ऊन उतरल्यावर त्यांनी तोंडाला ओला रुमाल बांधला आणि झाकण उघडलं. वास आला. पंधरा वर्षांत तो वास त्यांनी घेतला नव्हता. हात असा कापायला लागला की औषध मापाच्या बाहेर गेलं. किती गेलं ते त्यांना कळलं नाही. परत ओतून नव्यानं मापायचं तर आणखी वेळ त्या वासात उभं राहावं लागलं असतं. त्यांनी तसंच पाणी घातलं आणि डोळे बारीक करून वेलावर मारलं. मग पंप धुतला, बाटली पोत्यात गुंडाळून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवली, आणि घरी गेले. रखमाला म्हणाले, जेवण नको.

अप्पांना दुसऱ्याच्या घरी झोप लागत नाही. शनिवारी पहाटेच त्यांनी टॅक्सी मागवली. साडेसहाला दोघं घरी परत आले. अप्पांनी पार्काला एक फेरी मारली आणि येताना सरळ गच्चीवर गेले, कारण दोन दिवस त्यांनी वेल बघितला नव्हता.

काका आठ वाजता पोचले. गच्चीच्या दाराशी अप्पांच्या चपला होत्या.

आधी त्यांना फरशी दिसली. कुंड्यांच्या भोवती सगळीकडे गांडुळं बाहेर आली होती. वेलावरून ओघळलेलं औषध मातीत उतरलं होतं, वेलाखालच्या पिंपातही गेलं होतं. काही गांडुळं वेटोळी होऊन पडली होती, काही अजून वळवळत उन्हाकडे सरकत होती. आणि त्यांच्या पलीकडे अप्पा पाठमोरे उभे होते. डाव्या हातात कापडी पिशवी, उजव्या हातानं शेंग तोंडात.

"या, या," अप्पा म्हणाले. "काय कोवळ्या आहेत शेंगा. आणि मावा गेला हो सगळा. नलूचं खरं ठरलं."

काकांनी मला सांगितलं, त्या क्षणी त्यांना काही ऐकूच येईना. अप्पांचे ओठ हलताना दिसत होते. त्यांनी पुढे होऊन पिशवी ओढून घेतली.

"साहेब, खाऊ नका. कीड आहे आत."

"अहो, चार-सहा खाल्ल्या. गोड होत्या."

"तोंड धुवा साहेब. चूळ भरा."

अप्पांनी हसत चूळ भरली. गांडुळांकडे बघून म्हणाले, "ही का बाहेर आली? ऊन लागलं की काय?" उत्तराची वाट न बघता ते चहासाठी खाली गेले. तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती.

काका गच्चीवर एकटे राहिले. त्यांनी वेल मुळापासून उपटला आणि गोणत्यात कोंबला. पाणी सोडलं, बंद केलं, परत सोडलं. चार-सहाच तर शेंगा, ते स्वतःला सांगत होते. धुतल्यासारख्याच असतील, रात्रीचं दव पडलं असेल. काही होणार नाही. आता सांगितलं तर बाईंचा जीव जाईल भीतीनं, अप्पांना काही व्हायच्या आधी बाईंनाच काही व्हायचं. थोडं थांबू. नाही झालं काही तर सांगायचीच गरज नाही.

ते दोनदा खाली उतरले. पहिल्यांदा मी दूध घ्यायला दार उघडलं तेव्हा ते कर्णिकांच्या बेलवर बोट ठेवून उभे होते. बेल वाजवत नव्हते.

"काय झालं काका?"

"काही नाही ताई."

त्यांच्या शर्टाची पाठ भिजली होती. जानेवारीची सकाळ होती, मला शाल लागत होती. मला ते विचित्र वाटलं, पण मी दार लावून घेतलं.

आतून अप्पांचा आवाज येत होता, मनवाशी फोनवर बोलत होते. आवाज नेहमीसारखा होता, म्हणून काका परत वर गेले. दुसऱ्यांदा उतरले तेव्हा आत शांत होतं. शांत आहे म्हणजे पेपर वाचत असतील, असं म्हणून ते पुन्हा वर गेले. तिसऱ्यांदा जिन्यावर आले आणि आतून ओकारीचा आवाज ऐकू आला.

नऊ वाजून वीस मिनिटांनी आमच्या मजल्यावर दार इतक्या जोरानं वाजायला लागलं की मी धावत बाहेर आले. काका कर्णिकांचं दार दोन्ही हातांनी बडवत होते. नलूबाईंनी उघडलं. त्यांच्या मागे अप्पा खुर्चीत वाकून बसले होते. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी, आणि अंगावरचा सदरा घामानं चिकटला होता. दंडाचा स्नायू कातडीखाली आपोआप उडत होता.

"हार्ट असेल," नलूबाई म्हणाल्या. "डॉक्टर—"

काका आत गेले, अप्पांपुढे गुडघ्यावर बसले आणि त्यांची पापणी उचलली. डोळ्यातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"हार्ट नाही बाई," ते म्हणाले. "औषध आहे. मी मारलं. काल चवळीवर मारलं, साहेबांनी त्या शेंगा खाल्ल्या."

नलूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "कधी खाल्ल्या?"

"आठच्या आधी."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "तुझी गाडी काढ."

अप्पांना खाली आणलं ते काकांनी, पाठीवर घेऊन. तीन जिने. गाडीत त्यांनी अप्पांना कुशीवर धरून ठेवलं, तोंड खाली, आणि सारखे पुसत राहिले. हॉस्पिटल जवळ होतं, तरी प्रत्येक सिग्नलला मला वाटत होतं आता मागून आवाज येणार. अप्पांचा श्वास घरघरत होता. मी आरशात बघत नव्हते. नलूबाई पुढे माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही, फक्त दर मिनिटाला विचारत होत्या, "श्वास चालू आहे?" आणि काका म्हणत होते, "चालू आहे बाई."

अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होत्या. वय बघून त्यांनीही आधी हृदयाचंच विचारलं. काका मध्ये पडले. बाटलीचं लेबल त्यांनी तिसऱ्यांदा गच्चीवरून उतरताना फाडून खिशात घातलं होतं, ते त्यांनी काढून दिलं. कधी मारलं, किती मारलं, मापाच्या बाहेर गेलं होतं, किती शेंगा, किती वाजता, सगळं भराभरा सांगितलं. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि आत ओरडून काहीतरी इंजेक्शन मागवलं. पडदा ओढला गेला.

बाहेरच्या बाकावर काका बसले आणि तिथे त्यांनी मला रघूची गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती.

रघु त्यांच्या बरोबर पंप चालवायचा. मालवणकडचाच, वयानं लहान. लोअर परळच्या एका बंद गोदामात दोघं फवारत होते. तळघर होतं, हवा नव्हती, गरमीनं रघूनं तोंडावरचा मास्क काढला. बाहेर आला तो पायरीवर बसला आणि अशीच लाळ, असाच घाम. सुपरवायझरनं काकांना बाजूला घेतलं. "ऊन लागलं म्हणून सांग. औषधाचं नाव काढलंस तर कंपनी बंद होईल, पन्नास जण घरी बसतील." काकांनी डॉक्टरांना ऊन लागलं म्हणून सांगितलं. खरं काय ते कळेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. तिसऱ्या दिवशी रघु गेला.

"आज साहेब म्हणाले, गांडुळांना ऊन लागलं काय," काका म्हणाले. "तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. ताई, तोंड उघडत होतो पण आवाज येत नव्हता. मला वाटलं, सांगितलं की ते खरं होईल."

ते आपल्या हातांकडे बघत होते. मीही बघत होते. मला एका गोष्टीची भीती वाटत होती आणि ती मी त्यांना सांगितली नाही. साडेआठला मी त्यांना बेलपाशी बघितलं होतं. पाठ भिजलेली बघितली होती. आणि दार लावलं होतं.

दुपारी दोनला डॉक्टर बाहेर आल्या. धोका टळला असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "औषध लागू पडतंय. चोवीस तास बघू. नेमकं काय आहे ते लगेच कळलं म्हणून बरं झालं." नलूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या हळूहळू खाली बसल्या, जमिनीवरच.

विषबाधेची केस म्हणून संध्याकाळी हवालदार आला. काकांनी त्यालाही सगळं सांगितलं. विकासचं नाव विचारल्यावर त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण तेही सांगितलं. अप्पा शुद्धीवर आल्यावर त्यांचा जबाब झाला. ते एवढंच म्हणाले, "आमच्या घरचं माणूस आहे. चूक झाली. माझी तक्रार नाही." पाच दिवसांनी त्यांना घरी आणलं. उजवा हात पुढे कित्येक आठवडे कापत राहिला.

काका भेटायला आले त्या दिवशी मी तिथेच होते. ते दारातच उभे राहिले. नलूबाईंनी त्यांना आत बोलावलं नाही.

"तुम्ही औषध का मारलंत ते मला कळतं," त्या म्हणाल्या. "मीटिंगला मीही होते. भीतीनं खोटं बोलणारी पोरं मी आयुष्यभर बघितली. पण सव्वा तास, सीताराम. माझा नवरा समोर बसून पेपर वाचत होता आणि तुम्ही दाराबाहेर उभे होतात."

काका नमस्कार करून गेले.

मग महिनाभर ते दिसले नाहीत. एकदा मी रखमाला फोन केला. ती म्हणाली, "काय सांगू ताई, जेवणत नाय, झोपणत नाय. पोलीस येतले म्हणून जिन्याकडे कान लावून बसतत. मी म्हटलंय, सांगलास ना सगळा, मग आता कसला भय? तर म्हणतत, उशिरा सांगलंय." नंतर कळलं, त्या दिवसांत ते रोज सकाळी डिलाईल रोडवरून चालत पार्कावर यायचे आणि कट्ट्याच्या टोकाला बसायचे. अप्पा फिरायला येतात का ते बघायला. विसाव्या दिवशी अप्पा काठी घेऊन आले. काका झाडाआड उभे राहिले, अप्पांनी अर्धी फेरी पूर्ण केली ते त्यांनी बघितलं, आणि मग घरी गेले.

इकडे सोसायटी घाबरून गेली होती. गच्चीला कुलूप लावलं होतं. मुंग्या गेल्या होत्या, पण आता कोणाला मुंग्यांचं काही वाटत नव्हतं, लोक गच्चीवर चप्पल घालून जायलासुद्धा भीत होते. हर्षवर्धन म्हणाले, सगळ्या कुंड्या फेकून देऊ. फेकायच्या तर ती माती हाताळायची कोणी, आणि टाकायची कुठे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

एका सकाळी नलूबाईंनी माझी बेल वाजवली. "सीतारामांना फोन कर," त्या म्हणाल्या. "मी केला तर ते घाबरतील. सांग, मातीचं काय करायचं ते त्यांनाच कळतं."

ते दुसऱ्या दिवशी आले. हातमोजे, गमबूट, जाड मास्क. वेलाखालच्या चौदा कुंड्या आणि पिंपातलं सगळं त्यांनी दुहेरी पिशव्यांत भरलं. तसल्या कचऱ्याची गाडी कुठून मागवायची ते पालिकेत तीन खेटे घालून त्यांनी शोधून काढलं. चार दिवस लागले. फरशी त्यांनी किती वेळा धुतली ते मी मोजणं सोडून दिलं. नलूबाई गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. बोलायच्या नाहीत, पण बसायच्या.

पाचव्या दिवशी मीटिंग झाली. काकांनी स्वतः बोलू द्या म्हटलं.

"बाईंचं खत चुकलं नव्हतं," ते म्हणाले. "मी चुकलो. मला आठ दिवस धीर धरवला नाही. तुम्ही बाग काढा, पण बाईंमुळे काढू नका." मग त्यांनी सगळं सांगितलं. विकासकडून औषध आणलं तिथपासून खतानं मावा मेला असं खोटं सांगायचं ठरवलं होतं तिथपर्यंत. नलूबाईंनी सहा महिने मागितले. हर्षवर्धननी तीन दिले. मी या वेळी बागेच्या बाजूनं हात वर केला.

बाल्कनीतल्या दुसऱ्या पिंपातली गांडुळं वाचली होती. त्यांच्यावर सगळं परत सुरू झालं. नवी माती, नवं बी. नलूबाईंनी मुद्दाम दोन रांगा केल्या, एकीच्या मातीत पाचवा हिस्सा खत, दुसरीत फक्त माती. पाचव्या आठवड्यात मावा आला. काकांनी मला वर बोलावलं, मी गेले तर ते वेलापासून चार हात लांब उभे होते.

"आला ताई," ते म्हणाले.

नलूबाईंनी त्यांना भिंग दिलं. "मोजा."

पहिले काही दिवस दोन्ही रांगांत सारखाच होता. काका रोज मोजायचे आणि रोज घाबरायचे. दहाव्या दिवशी फरक पडायला लागला. मावा आल्यापासून तिसऱ्या आठवड्यात नुसत्या मातीच्या रांगेत एका पानावर पन्नासच्या वर होता आणि खताच्या रांगेत सात-आठ, तेही शेंड्यालाच. मुंग्या माझ्याकडे आल्या, पण मोजक्या. मी दाराशी हळद टाकली आणि गप्प बसले. मावा पूर्ण गेला नाही. नलूबाई म्हणाल्या, "पूर्ण जाणार असं मी कधी म्हटलं होतं?"

काकांची भीती अजूनही तशीच आहे. पहिल्या शेंगा त्यांनी आधी स्वतः खाल्ल्या आणि दुपारपर्यंत गच्चीवर बसून राहिले, मगच खाली पाठवल्या. नलूबाईंनी त्यांना तसं करू दिलं. अप्पांनी भाजी खाल्ली. कच्ची शेंग ते आता तोंडात घालत नाहीत, आणि गच्चीवर फारसे जातही नाहीत.

मध्यंतरी वरळीच्या एका सोसायटीनं काकांना बोलावलं. त्यांनाही गच्चीवर भाजी लावायची होती. काकांनी तिथे पहिल्यांदा अप्पांची गोष्ट सांगितली, मग रघूची. त्या लोकांनी नंतर कळवतो म्हटलं आणि कळवलं नाही. दुसरीकडेही तेच झालं. नलूबाई म्हणाल्या, "पहिल्याच भेटीत कशाला सांगता?" ते म्हणाले, "बाई, नंतर मला सांगता येत नाही."

गेल्या महिन्यात परळच्या एका बिल्डिंगमधल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, सोमवारपासून या. सोमवारी संध्याकाळी काका आमच्याकडे आले ते जिन्यातच बसले. तिथल्या जास्वंदीवर पिठासारखी पांढरी कीड आहे, म्हणाले, फांद्याच्या फांद्या भरल्या आहेत, आणि खतानं ती कमी व्हायला महिनाभर तरी लागेल. मी त्यांना पाणी आणून दिलं. पेला त्यांनी नाकाशी धरला, मग प्यायले.

"जाणार ना पण उद्या?" मी विचारलं.

"जाणार," ते म्हणाले. "घाबरायला होतंय, पण जाणार."